बरोबरीत सोडवलेली कुस्ती

“आज उपवास हाय,” सर्जेराव पैलवान म्हणाले आणि त्यांनी इडलीची बशी माझ्याकडे सरकवली.

“रविवारचा कसला उपवास?”

“बिरोबाचा.”

बिरोबा आमचं कुलदैवत. त्याच्यासाठी काय काय करतात हे मी लहानपणापासून बघत आले आहे, पण इडली खाऊ नको असं त्यानं कुणाला सांगितल्याचं माझ्या कानावर कधी आलं नव्हतं. बशीतली इडली कुस्करून कुस्करून तिचा पार रवा झाला होता. शेजारची सांबाराची वाटी मात्र रिकामी होती. उपवासाला सांबार कसं चाललं, असं मी विचारणारच होते, तेवढ्यात पैलवानांनी तोंडाला रुमाल लावला आणि ते हात धुवायच्या जागेकडे निघून गेले.

हे मिरजेतल्या एका इस्पितळाच्या कँटीनमधलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथं आम्ही जमायचो. आम्ही म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठराला पट्टा बसवून घेतलेली मंडळी. स्वतःला आम्ही पट्टेवाले म्हणायचो. हा पट्टा जठराच्या वरच्या अंगाला बसवतात आणि पोटाच्या कातडीखाली बटणासारखी एक डबी ठेवतात. तिच्यात सुईनं पाणी भरलं की पट्टा आवळतो, काढलं की सैल होतो. नीट आवळला असेल तर घास सावकाश उतरतो आणि थोडक्यात पोट भरतं. जादू एवढीच. बाकीचं सगळं आपल्यालाच करायचं असतं, आणि ते किती अवघड असतं हे पट्टा नसलेल्या माणसाला सांगून कळत नाही. म्हणून तर आम्ही जमायचो.

इस्पितळानं प्रत्येक नव्या पट्टेवाल्याला एक जुना पट्टेवाला जोडून दिला होता. दोघांनी महिन्यातून एकदा तरी समोरासमोर बसून जेवायचं, प्रत्येक घास चावून चावून, गप्पा मारत. जुनी म्हणून मी पैलवानांच्या वाट्याला आले. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या खाकी कपड्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, “जोड बरी लावलीया. कंडक्टर आन पैलवान. कुस्ती निकाली व्हायला पायजे.”

मी एसटीत कंडक्टर. तेव्हा मिरज–पळसवाडी ही पहाटेची गाडी माझ्याकडे होती, आणि पैलवान नेमके पळसवाडीचे. ऐन उमेदीत त्यांनी तालुका गाजवला होता. पुढं साखर कारखान्यात नोकरी लागली, व्यायाम सुटला, खुराक मात्र तसाच राहिला. मग साखर वाढली, गुडघे गेले आणि शेवटी पट्टा बसवावा लागला. गावात त्यांनी ह्याचा पत्ता लागू दिला नव्हता. वजन उतरायला लागलं तेव्हा, “जोर-बैठका चालू केल्यात,” असं ते सांगायचे. गाडीत भेटले तर मला ओळख दाखवायचे नाहीत. तिकीट घेताना फक्त डोळे मिचकावायचे.

मीही त्याच्या वर्षभर आधी एक धडा शिकले होते. माझा पट्टा फार आवळला गेला होता. डब्यातली चपाती अडकायची, तोंडाला फेस यायचा, आडवं झालं की ठसका लागायचा. वजन मात्र भराभर उतरत होतं, मंडळी टाळ्या वाजवत होती आणि त्या टाळ्यांच्या नादात मी गप्प बसले होते. जतच्या फाट्यावर चालत्या गाडीत चक्कर येऊन पडले तेव्हा कुठं डॉक्टरीण बाईंनी थोडं पाणी काढून टाकलं. त्यानंतर थोडं वजन परत आलं. गटात कुणी बोललं नाही, पण बघायच्या नजरा बदलल्या. पाणी काढून घेतलेली बाई म्हणजे नापास झालेली बाई. मला त्याचं वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

म्हणून तो कुस्करलेला रवा बघून मी उठून हात धुवायच्या जागेपाशी गेले. पैलवान कठड्याला धरून उभे होते. डोळ्यांत पाणी, तोंडात फेस.

“पैलवान, घास उतरत न्हाई व्हय?”

“एखांदा आडकतोय.”

“भाकरी कधी खाल्लीसा शेवटची?”

त्यांनी तोंड धुतलं, मिशा पुसल्या आणि मग म्हणाले, “ताई, म्होरल्या म्हैन्यात आमची जत्रा. आमच्या तालमीच्या वस्तादांनी सांगितलंय, यंदा मैदानात पंच तू. किती वर्सं झाली मला मातीत पाय ठेवून? मांडवाखाली खुर्चीवर बसून कुस्त्या बघत हुतो मी. खुर्च्याबी दोन जोडून लागायच्या.”

“मग पंच व्हा की. कोण नको म्हंतंय? पण थोडं पाणी काढून घ्या आधी.”

“आन फुगून मैदानात जाऊ? वजन थांबलंय म्हणून तर गेल्या खेपंला पाणी भरून घेतलं. ह्या खेपंला आजून थोडं भरून घेणार हाय.”

“डॉक्टरीण बाईंना सांगितलं का, उलट्या होतात म्हणून?”

“न्हाई. आन तुमीबी सांगायचं न्हाई.” ते माझ्याकडे वळले. “पैलवान कळ सोसतो, कळ सांगत न्हाई. मी आयुष्यात येक कुस्ती बरोबरीत सोडली न्हाई. हीबी न्हाई सोडायचा.”

“पट्टा काय समोरचा पैलवान हाय व्हय?”

ते हसले, पण हसताना ठसका लागला. दवाखान्यात सांगणार नाही, एवढं मी कबूल केलं. आमच्या जोडीचा तो नियमच होता, एकमेकांचं बोलणं आपापल्यातच ठेवायचं. पण बाहेर पडताना मी त्यांना एवढं तरी सांगितलं, की असं रेटत राहिलं तर जठर पट्ट्यातून वर सरकतं आणि मग पोट उघडावं लागतं, आणि ते वेळेवर झालं नाही तर माणूस हाती लागत नाही. “जत्रा झाली की बघू,” पैलवान म्हणाले. नशिबानं त्या दिवशी डॉक्टरीण बाई परगावी गेल्या होत्या, त्यामुळं पाणी भरायचं काम पुढच्या आठवड्यावर गेलं.

तो आठवडा मी काढला तो सगळा धाकधुकीत. रोज पहाटे गाडी पळसवाडीच्या पारापाशी वळली की माझी नजर त्यांना शोधायची. एकदा ते पारावर बसलेले दिसले. मान खाली, हात छातीवर. मी बेल मारायची विसरले आणि बाबालालमामांनी, म्हणजे आमच्या ड्रायव्हरनं, आरशातून माझ्याकडे पाहिलं. माझी गाडी कधी माझ्यामुळं उशिरा सुटली नाही, हा माझा तोरा होता. आगारात त्यावरून थट्टाही व्हायची, की विजयमालाबाईंचा नवरा जरी पळत आला तरी त्या डबल बेल मारतील.

दुसऱ्या दिवशी गाडी पळसवाडीत थांबल्यावर मी चहाला न जाता तालमीकडे गेले. ही तालीम पाराच्या मागंच. बायकांनी आत जायचं नसतं, म्हणून मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. आत माती उकरायचा आवाज येत होता. ओट्यावर पैलवानांचे ज्ञानू वस्ताद बसले होते. ऐंशीच्या घरातला माणूस, पण पाठ ताठ. मोठी दगडी कुंडी पायात धरून त्यात काही घोटत होते. बदाम, खसखस आणि वेलदोड्याचा वास उंबऱ्यापर्यंत येत होता.

“या कंडक्टर बाई. आज चा न्हाई व्हय?”

“थंडाई कुणासाठी, वस्ताद?”

“आमच्या सर्जासाठी.” त्यांचा सगळा चेहरा उजळला. “लई वर्सांनी पोरगं तालमीत परत आलंय. पैलं माझ्याच हातची पिऊन वाढलाय त्यो. आता म्हंतोय, वस्ताद, तुमची थंडाई आसली की भाकरीची याद येत न्हाई. सकाळी येक तांब्या, सांच्याला येक तांब्या. दुसरं कायबी तोंडात घालत न्हाई बघा. आसा नेम पायजे मानसाचा.”

मी उंबऱ्यावर टेकले. आता कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पट्टा अडवतो तो घास. बदाम, दूध, साखर घोटून पातळ केली की ती पट्ट्यातून पाण्यासारखी खाली जाते. भाकरी उतरेना म्हणून पैलवान थंडाईवर आले होते. थंडाईमुळं वजन हलेना, म्हणून त्यांना पट्टा आणखी आवळून हवा होता. आणि आवळला की उरलीसुरली भाकरीही बंद. हा असला घोळ पैलवानाशिवाय दुसऱ्या कुणाला घालता आला नसता. आणि हा म्हातारा पहाटे उठून, हातातली सगळी माया ओतून, त्यांना तेच पाजत होता.

मी सगळं सांगून टाकलं. पट्टा, पाणी, फेस, ठसका. पैलवानांनी गावापासून जे जपलं होतं ते मी उंबऱ्यावर बसून मोकळं केलं होतं, आणि ते मला माफ करणार नाहीत हेही मला दिसत होतं. तरी मी थांबले नाही. मला त्यांच्या मयतीला जायचं नव्हतं.

वस्तादांचा हात कुंडीत थांबला.

“भाकरी उतरतच न्हाई?”

“घास घेतला की तोंडाला फेस येतो.”

“आन मी त्याला पाजतोय,” वस्ताद म्हणाले. “खुशीत पाजतोय.” त्यांनी धोतराच्या टोकानं हात पुसले. “उद्या गाडी कवा सुटती?”

“ह्याच वेळेला.”

“जरा थांबीव.”

“वस्ताद, माझी गाडी कुणासाठी थांबत न्हाई.”

“बघू,” ते म्हणाले. त्यांनी कुंडी उचलली आणि सगळी थंडाई आत व्यायाम करणाऱ्या पैलवानांना वाटून टाकली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा उंबऱ्यावर होते. सर्जेराव आत आखाड्याच्या कडेला उभे होते. मला बघितलं आणि त्यांच्या तोंडाचा रंग उतरला. त्यांना काय समजायचं ते समजलं.

वस्तादांनी ओट्यावरचं फडकं उघडलं. आत ज्वारीची भाकरी होती, घरातून ताजी आणलेली, अजून वाफ धरलेली. त्यांनी एक घास मोडला आणि हात पुढं केला.

“घे.”

वस्तादानं दिलेलं नाकारायचं नसतं. सर्जेरावांनी तो घास दोन्ही हातांनी घेतला.

“खा.”

“वस्ताद, थंडाई घेतो की.”

“थंडाई आज न्हाई. भाकरी खा.”

एवढा धिप्पाड गडी तो घास ओंजळीत धरून उभा राहिला. तोंडात घालवेना आणि खाली टाकवेना. बाहेर बाबालालमामांनी हॉर्न वाजवला. मी जागची हलले नाही. आतली पोरं जोर मारायची थांबली होती. मामांनी पुन्हा हॉर्न वाजवला.

“उतरत न्हाई, वस्ताद,” सर्जेराव अखेर म्हणाले. “लई दिस झालं.”

वस्तादांनी त्यांच्या ओंजळीतला घास परत उचलला आणि स्वतः खाल्ला. सावकाश चावून खाल्ला. मग म्हणाले, “कुस्ती सुटली. बरोबरीत. चल, अंगावर कापडं घाल.”

“वस्ताद, पाणी काढलं तर समदं अंग परत सुटंल. जत्रंत लोक हसतील मला.”

“हसूदेत. मला मैदानात उभा ऱ्हानारा पंच पायजे. खाटंवर पडलेला पंच घेऊन मी काय करू?” वस्तादांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यासाठी त्यांना टाचा उचलाव्या लागल्या. “आन कळ सांगायची न्हाई, हे कुनी शिकवलं तुला?”

“तुमीच, वस्ताद.”

“समोरच्याला सांगायची न्हाई, आसं शिकवलं हुतं,” म्हातारा म्हणाला. “वस्तादाला सांगायची न्हाई, आसं कवा म्हनलो मी?”

दोघंही गाडीत चढले. वस्ताद पुढच्या बाकावर, पैलवान खिडकीशी. मी तिकीट द्यायला गेले तेव्हा पैलवान माझ्याकडे न बघता म्हणाले, “दोन मिरज.” सुट्टे पैसे मोजून हातावर ठेवले. सगळा रस्ता ते बाहेरच बघत होते. मिरजेच्या स्थानकात उतरताना मात्र थांबले.

“ताई म्हणून मानलं हुतं तुमाला.”

“माना, न्हाईतर नका मानू,” मी म्हटलं. “पण आधी दवाखाना गाठा.” असं ठणकावून बोलले खरी, पण ते दिसेनासे झाल्यावर मी रिकाम्या गाडीत बसून रडले. मामांनी चहा आणून दिला.

पुढचं मला वस्तादांनी सांगितलं. डॉक्टरीण बाईंनी पांढरं औषध पाजून पोटाचा फोटो काढला. पट्ट्याच्या वरची जठराची पिशवी फुगली होती. अजून थोडे दिवस गेले असते तर पोट उघडावं लागलं असतं, असं त्या म्हणाल्या. मग सुई घालून पाणी काढलं. “येवढुसं पाणी,” वस्ताद बोटाचं पेर दाखवत म्हणाले. “त्याच्यापरीस जास्त सर्जाच्या डोळ्यातनं आलं.” दोन-चार दिवस पातळ, मग मऊ भात, मग हळूहळू भाकरी, असं ठरलं. थंडाई कायमची बंद. कुंडी धुऊन वस्तादांनी माळ्यावर टाकली.

पैलवान मात्र माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या गाडीनं येईनात, पुढच्या पहिल्या रविवारी कँटीनमध्येही आले नाहीत. मला वाटलं, ही जोड मोडली.

जत्रेला आगारातून जादा गाड्या सोडल्या होत्या आणि माझी गाडी त्यांतलीच. दुपारी परतीला वेळ होता म्हणून मी मैदानाशेजारच्या बांधावर बायकांच्यात जाऊन उभी राहिले. हलगी घुमत होती. मैदानात सर्जेराव पंच म्हणून फिरत होते. गुलाबी फेटा, पांढरा सदरा. अंग जरा भरलं होतं, हे मला लांबूनही कळलं. पण पाय मातीत होते, आणि ते पाय कसे पडत होते म्हणून सांगू? माहेरी आलेल्या बाईसारखे.

शेवटची मानाची कुस्ती लागली. दोन्ही गडी तोडीस तोड. वेळ चालला, ऊन उतरलं, तरी निकाल लागेना. मग एकानं दुसऱ्याचा हात पाठीमागं धरून पिळला आणि तसाच धरून ठेवला. खालचा गडी चीत होईना आणि सुटेना. ओठ दाताखाली, चेहरा पांढराफटक, पण तोंडातून आवाज नाही. लोक ओरडत होते, “निकाली! निकाली!” पैलवानांच्या उमेदीत त्यांच्याच नावानं हे असंच ओरडायचे.

सर्जेराव खाली वाकले. त्या दुखत्या गुडघ्यांवर अगदी मातीपर्यंत वाकले आणि त्यांनी खालच्या गड्याच्या तोंडाकडे पाहिलं. लोकांकडे नाही, मांडवातल्या वस्तादांकडेही नाही. मग त्यांनी दोघांच्या पाठीवर हात ठेवून कुस्ती सोडवली. दोघांना उभं केलं आणि दोघांचेही हात वर केले.

लोकांनी हुर्यो केली. कुणी फेटे हवेत उडवले, कुणी शिव्या दिल्या. कर्ण्यावरून पुकारा झाला, मानाची कुस्ती बरोबरीत. खालचा गडी पैलवानांच्या छातीवर डोकं टेकून हुंदके देत होता आणि पैलवान त्याचा खांदा चोळत काहीतरी सांगत होते. मांडवात वस्तादांनी चहा मागवला. मी पदराच्या टोकानं डोळे पुसले आणि गाडीकडे वळले.

गाडी भरत आली होती. मी बेलची दोरी धरणार तेवढ्यात पैलवान दारात आले. फेट्याला माती, घाम गळतोय. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. ते दारातल्या पायरीवर बसले आणि त्यांनी फडकं उघडलं. ज्वारीची एक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. त्यांनी भाकरी मधोमध मोडली.

“अर्धी तुमची,” ते म्हणाले. “पैला रविवार चुकलाय आपला. जोडीनं जेवायचं ऱ्हायलंय.”

“गाडी सुटायची वेळ झाली, पैलवान.”

“उतरती का बघा तरी.”

मी शेजारी बसले. आम्ही पट्टेवाल्यांना शिकवतात तसं जेवायला लागलो. बारीक घास, चावून चावून, मध्ये थांबून, मग पुढचा. पैलवानांनी पहिला घास गिळला आणि छातीवर हात ठेवून वाट पाहिली. मीही माझा घास तोंडात तसाच ठेवून वाट पाहिली. मग त्यांनी मान डोलावली आणि दुसरा घास मोडला.

आत उतारू कुरकुरायला लागले. मामांनी हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला आणि मग आरशात बघून इंजीनच बंद केलं. मिरजेला पोचलो तेव्हा वाहतूक नियंत्रक घड्याळ दाखवत खिडकीशी आले. आज सूर्य कुठं उगवला, म्हणाले, विजयमालाबाई आणि उशीर? कारण काय लिहू?

“जेवत होते,” मी म्हटलं.